भरून ठेवलेला बार

मंडळी, राम राम. बसा. मागं जी उभी हायती त्येंनीबी बसून घ्या. आधी एकच सांगतो. ही बाजेवर बंदूक ठेवलीया न्हवं, तिच्या तोंडासमोरनं कुणी जाऊ नगा. बाराला ठिणगी देणारी टोपी काढलीया, नळी रिकाम्या रानाकडं केलीया. तरीबी जाऊ नगा. तात्या असते तर त्येंनी शिव्या घातल्या असत्या. आज त्ये न्हाईत, म्हणून मला सांगाया लागतंय.

माईक नगो म्हणलं व्हतं, तर पोरांनी हातात दिलाच. मेंढरामागं वरडून वरडून घसा तयार झालाय माझा. मागं ऐकू येतंय न्हवं?

हां.

ज्येंना ठावं न्हाई त्येंना सांगतो. मी बिरा. म्हसवडच्या बाजूचा धनगर. आमच्या मुलखात पाऊस कमी, म्हणून दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन ह्या पलूसच्या नदीकाठच्या मळीच्या रानात येतो. ज्येच्या रानात मेंढरं बसत्यात त्येला खत मिळतं, आमाला दाणं मिळत्यात. तात्यांच्या रानात माझा बा बसायचा, मग मी बसाया लागलो. तात्या तवा नुकतंच फौजेतनं पेन्शनीत आलेलं. फौजेत हत्यारं दुरुस्त करायचं काम केलेला माणूस. घरी आलं, ऊस लावला आन् रानडुकरासाठी परवान्याची ही ठासणीची, तोंडाकडनं दारू ठासून भरायची, बंदूक घेतली.

तवाच उसात बिबट्या यायला लागला. पयल्या वर्षी माझं कुत्रं नेलं, दुसऱ्या वर्षी कोकरं. मी तात्यांना म्हणलं, "आवं तात्या, तुमच्याकडं बंदूक हाय, घाला की गोळी." लय चिडलं. म्हणलं, "बिरा, त्येला मारायची बंदी हाय. आन् बंदी नसती तरी मी घातली नसती. त्येला हितनं जायाला सांगायचं. बंदुकीनं सांगायचं. बास."

मग तात्या त्या सांगायच्या मागं लागलं. नुसत्या आवाजाचा बार, आत गोळी न्हाई. मंडळी, तुमाला बार ऐकू आला. त्येच्या मागं त्या माणसानं किती हाल काढलं त्ये मी बगितलंय. आवाज तर रानभर जायाला पायजे, आन् नळीला धक्का बसता कामा नये. नवा बार भरला की पयल्यांदा हातात धरून उडवायचा न्हाई. बंदूक जुन्या टायरात आवळून बांधायची, घोड्याला सुतळी लावायची आन् आपण हिरीच्या कठड्यामागं बसून वढायची. मग जाऊन नळी हातानं चाचपायची, डोळं बारीक करून बगायची. दारू वाढवायची ती कणाकणानं. मी म्हणायचो, "तात्या, दिवाळीच्या फटाक्याला येवढं कोण करतं?" त्ये म्हणायचे, "गड्या, ज्यो हिच्या मागं उभा ऱ्हाणार त्येचं तोंड मला दिसतं." तवा मला कळायचं न्हाई ह्येंना कुणाचं तोंड दिसतंय.

डुकरासाठी छऱ्याचा बार येगळा. त्येच्यासाठी बांधाला पोतं टांगायचं आन् भोकं बगत बसायचं. छर्रं पसरलं की नाराज. जनावर जखमी हून पळालं तर त्ये पाप आपलं, म्हणायचे. पसरणारा बार त्येंनी कवाच डुकरावर उडवला न्हाई.

खरी अडचण बुचाची झाली. दारूवर बूच ठासाया लागतं, आन् बार उडला की त्ये बूच पेटत पेटत भायेर पडतं. उसात काय असतं? वाळलेलं पाचट. कागुद घातला, पेटला. चिंधी घातली, पेटली. काथ्या घातला, त्यो धुमसत बसला आन् बांधाचं गवत जाळलं. तात्या दोन घागरी घिऊन पळतंय, मागनं मी पळतोय, तात्यांच्या मालकीण, आमच्या वैनी, घरातनं बोंबलत्यात. हसू नगा. हसा, हसा. त्येबी हसायचे आठवलं की.

मग एक दिस माझ्या मेंढरांची कातरणी चाललेली. तात्या आलं, लोकर हातात घेतली, काडी वढून लावली. करपली आन् ईझली. परत लावली. परत ईझली. माझ्याकडं असं बगितलं, जणू मी पोरीला स्थळ आणलंय. तवापासनं तात्यांचा बार माझ्या मेंढराच्या लोकरीनं बसतोय. छर्रंबी लोकरीनं गोळा ऱ्हायाला लागलं. दर साली कातरणी झाली की पयली मूठ तात्यांची. यंदाचीबी दिली मी.

आता त्यो इषय काढतो. आबांना इचारून काढतोय. आबा हितं पुढं बसल्यात. तात्यांचं धाकटं भाऊ. त्येंचा एक डोळा न्हाई, उजव्या हाताची बोटं न्हाईत, गावात सगळ्यांना ठावं हाय. बंदूक फुटली येवढं ठावं हाय. का फुटली त्ये तात्यांनी मला सांगितलेलं, हिरीच्या कठड्यामागं बसून.

तात्या तवा जवान. सुट्टीवर आलेलं. भुईमुगात डुकरं यायची, म्हणून घरातली जुनी बंदूक त्येंनी भरली. डुकरं आलीच न्हाईत. सुट्टी सपली. सकाळच्या यष्टीनं तात्या गेलं, बंदूक खुटीला तशीच. भरलीया हे कुणाला सांगितलंच न्हाई. मग डुकरं आली. आबांनी बंदूक घेतली, रिकामी समजून वरनं दुसरा बार ठासला. फौजेतली बंदूक उघडून बगता येती. ठासणीची न्हाई येत.

त्येच्यानंतर तात्यांनी बार ठासायच्या गजाला नळीच्या मापावर तांबडा दोरा बांधला. गज नळीत सोडायचा. दोरा नळीच्या तोंडाशी आला तर बंदूक रिकामी. वर ऱ्हायला तर आत बार हाय. आसपासच्या सगळ्या परवानेवाल्यांना त्येंनी त्यो दोरा बांधून दिला. निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या तवा कितीजणांनी भरलेल्याच नेऊन दिल्या असत्या, तात्या दारात उभं ऱ्हाऊन गज सोडून बगायचे. आन् दुसरी गोष्ट सांगायचे, दुसऱ्यानं भरलेला बार कुणी उडवायचा न्हाई. माणूस कितीबी जवळचा असू द्या. नळीत पाणी घालून दारू भिजवायची, आन् गजाला पेच लावून बूच वढून काढायचं.

पर मंडळी, भावाला काय बोलले? कायबी न्हाई. समोरासमोर दारं. एका ताटात जेवायचे. खंडेनवमीला तात्या बंदूक आबांच्या म्होरं ठेवायचे. आबा डाव्या हातानं गज सोडायचे, दोरा बगायचे, मग हळदकुंकू लावायचे. तात्या खाली बगायचे. दर साली. दोघांचं त्या इषयावरचं बोलणं तेवढंच. एकानं म्हणायचं व्हतं, चुकलो रं. दुसऱ्यानं म्हणायचं व्हतं, जाऊ दे. दोन शबुद. सगळा जलम गेला आन् ती जागा तशीच ऱ्हायली. मला त्येचं लय वाईट वाटतं.

तात्या आमाला सोडून गेलं त्या दिवशी काय झालं त्ये सांगतो. ह्या रानात उसाची तोड चाललेली. शेवटची पट्टी उभी ऱ्हायली की सगळी जनावरं त्यातच शिरत्यात. तोडकऱ्यांची तान्ही पोरं बांधावर झोळीत झोपल्याली असत्यात. म्हणून कोयता घालायच्या आधी तात्या आवाजाचा बार उडवायचे, दर साली. त्या सकाळी बिबट्याचा माग दिसलेला. तात्यांनी बार भरला. लोकर ठासली. टोपी बसवली, आन् छातीला हात लावून खाली बसलं. बंदूक खोपीच्या खुटीला लावली आन् म्हणलं, "बिरा, गाडी बोलव."

कराडच्या दवाखान्यात न्हेताना गाडीत मी आन् वैनी. वैनी पायाशी, मी डोक्याशी. तोंडावर आक्सिजनची नळी लावल्याली. तात्यांनी ती बाजूला केली आन् मला म्हणलं, "बंदूक भरलीया. खोपीत हाय. आबाला हात लावू दिऊ नगंस." येवढंच. पुन्हा बोललं न्हाईत.

मी गाडीतनंच फोन केला. खोपीकडं कुणी गेलं न्हाई. तोडकऱ्यांनी पत्र्याचं डबं वाजवून पट्टी तोडली, सगळी पोरं सुखरूप हायती.

पर घरात त्या शबुदांनी दोन माणसं मोडली. वैनी मला म्हणल्या, "भावजी, येवढा संसार केला. जाताना माझ्याकडं बगितलं बी न्हाई. बंदूकच सांगितली." आन् आबा म्हणलं, "अजून बी इस्वास न्हाई व्हय रं माझ्यावर? मी काय आता तान्हा हाय?"

मला तर असं वाटतंय, वैनी, दम संपत आला व्हता, आन् त्यात एकच गोष्ट बसत व्हती. तुमाला सांगायचं त्येंनी तुमच्यासंगं जगून सांगितलेलं. ह्ये राहिलं व्हतं. आबा, तुमच्यावर इस्वास न्हवता असं न्हाई. त्येंचा सोतावर न्हवता. पुन्हा एक भरलेली बंदूक खुटीला टांगून निघालो, पुन्हा घरात आबा हाय, येवढंच त्या गाडीत त्येंच्या डोळ्याम्होरं असणार. त्येंनी तुमची माफी मागितली, आबा. लय उशिरा मागितली. आन् चुकीच्या माणसाच्या कानात मागितली.

आता ही बंदूक उद्या ठाण्यात जमा करायची हाय. परवाना माणसाबरुबर गेला. आत तात्यांच्या हातचा शेवटचा बार हाय. गावातलं माजी सैनिक म्हणलं, सलामी द्यायची, उडवा. आबा म्हणलं, "कुणी न्हाई, मीच उडवणार. माझ्या भावाचा बार हाय." लय रडलं. माझंबी मन झालं, खोटं कशाला बोलू? त्यो आवाज आणखी एकदा ह्या रानावरनं जावा असं कुणाला वाटणार न्हाई?

पर वैनी उठल्या. म्हणल्या, "दुसऱ्यानं भरलेला बार उडवायचा न्हाई, हे त्ये गेल्यावर मोडायचं व्हय? पाणी घालायचं. मी घालणार. आन् नळी आबा भावजी धरतील." मी म्हणलं, वैनी, तात्यांनी आबांना हात लावू दिऊ नगंस म्हणून सांगितलंय. तर म्हणल्या, "त्येंचं भ्या त्येंच्यासंगं गेलं. आता धरू द्या."

तात्या, वैनींचं ऐकतो. तुमचं येवढं एक मोडतोय.

तवा मंडळी, आता उठा. टोप्या काढा. लोकरीचं बूच हाय, त्ये पाणी सावकाश पितं. नळीत पाणी घातल्यापासनं त्ये खाली दारूत उतरंपतूर आपण गप उभं ऱ्हायाचं. पोरांनी मोबाईल खिशात घाला. आवाज व्हणार न्हाई, त्येची वाट बगू नगा.

आबा, या. बाजूनं या, तोंडासमोरनं नगा. डाव्या हातानं धरा, उजवा खालनं लावा. अशी उभी करा.

वैनी, घाला पाणी.

आबा, रडायचं तर रडा. नळी तेवढी हलवू नगा.