पाचव्या खांबाची रेघ

भाची : शून्य, मामा. आठ दिवस कॉम्प्युटर घरघरतोय, वीस वर्षांचे दिवस फिरवून झाले, आणि नावेची रांग एकदाही रस्त्यावर गेली नाही.

मामा : मग तोंड का पाडतेस? जाऊच नये. तेवढ्यासाठी तर धक्क्यावर पाच खांबांचं लांब छप्पर घातलंय. पाचव्या खांबापुढे रस्ता, आणि उतारावरून ट्रक येतात. तिथे माणूस उभा राहिला तर संपलंच.

भाची : पण उद्या कचेरीत साहेबांना हाच आकडा द्यायचाय. शून्य ऐकलं की म्हणणार, दुसरी नाव हवी कशाला, वर्षभर बांधलेलीच असते. तुमची म्हातारी मोडीत जाईल.

मामी : म्हातारी म्हणजे नाव गं. नाहीतर लोकांना वाटायचं, मी.

मामा : तुला मोडीत काढायची कुणाची हिंमत आहे? तू आपली तिकिटं फाड. काय गं पोरी, तुझ्या त्या डब्यात माणसं येतात कुठून?

भाची : खोटी माणसं. या मिनिटाला कोण आलं, किती आले, सगळं चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. नाव येते, चाळीस जणांना घेऊन जाते, उरलेले थांबतात. संध्याकाळ झाली की पुसून टाकायचं आणि नवी सकाळ.

मामा : आठ दिवसांत वीस वर्षं! मला तीस वर्षं काढायला तीसच लागली.

भाची : मामा, खांबांवर या लाल रेघा कसल्या?

मामी : घे! आता तासभर सुटका नाही तुझी.

मामा : रांगेचं शेपूट ज्या खांबाला लागलं, त्या खांबाला त्या दिवशी एक रेघ. मी अक्षर शिकलो पन्नाशीत. रेघ आधीपासून येत होती. तिसऱ्या खांबाचा नाद लवकरच सोडला, रंग पुरेना. चौथ्यावर दीडशेच्या घरात आहेत. पाचव्यावर चौदा.

भाची : चौदा? थांबा हं. माझ्याकडे वीस वर्षांत नऊ वेळा पाचव्या खांबाला लागली. तुमच्या तीस वर्षांत चौदा. मामा, जुळतंय की!

मामा : जुळणारच. तुझी माणसं खोटी असली तरी घाई खरी असेल.

भाची : आणि पुढे, रस्त्यावर?

मामा : रस्त्यावर रेघच नाही. एकही.

मामी : कशी असेल? पाचव्याला रेघ ओढली रे ओढली की रंगाचा डबा तिथेच टाकून हे धावतात, म्हातारीचा दोर सोडायला. चौदा वेळा रंग सांडलाय. पुसलाय कुणी? मी.

भाची : चौदाही वेळा म्हातारी काढली? मग कचेरीत कुठेच कसं लिहिलेलं नाही?

मामी : मी लिहिते ना, 'जादा फेरी'. कोणत्या नावेची, ते आजवर कुणी विचारलंय?

मामा : मी काय मोठं केलं? नाव होती, काढली.

भाची : मामा... मी काय करून बसले!

मामा : काय झालं?

भाची : नियमात लिहिलंय, रांग पाचव्या खांबाला लागली की दुसरी नाव सोडावी. मी तो नियम तसाच कॉम्प्युटरला दिला. जी नाव मोडीत काढायची की नाही ते ठरवायचंय, तिलाच कामाला लावलं आणि शून्य काढलं!

मामा : म्हणजे शेतात राखणदार उभा, आणि आपण म्हणायचं, इथे चोर येत नाहीत, राखणदार काढा.

मामी : शिकलेल्यांना सुचतं असलं.

भाची : हस, मामी. आता म्हातारीला वगळून पुन्हा आठ दिवस चालवायला हवं. आणि उद्या दुपारी साहेब बसणार.

मामा : आठ दिवस कशाला? तू दरवेळी सकाळपासून का सुरू करतेस? सकाळी धक्क्यावर कुत्रं नसतं. पाचव्या खांबापर्यंत रांग कितीदा येते ते या रेघा सांगतायत, तुझा डबाही सांगतोय. मग तू पाचव्यापासूनच धर. रांग तिथे आहे, म्हातारी नाही. पुढे काय होतं ते बघ.

भाची : ते नऊ दिवस मी साठवून ठेवलेत! त्या क्षणापासून पुन्हा पुन्हा सोडायचे, दरवेळी नव्या चिठ्ठ्या. शिकवलं होतं आम्हाला हे. दुर्मिळ गोष्टीची वाट बघत बसायचं नाही, टप्प्याटप्प्याने गाठायची. मला आठवलंच नाही.

मामी : आठवायला रंग सांडावा लागतो.

(दुसऱ्या दिवशी, दुपार टळताना, त्याच बाकावर.)

मामा : बोल लवकर. सकाळपासून हिने मला चार वेळा चहा पाजलाय.

भाची : पाचव्या खांबापासून सहाशे वेळा चालवलं. दोनशेपेक्षा थोड्या जास्त वेळा रांग रस्त्यावर गेली. तिनांतून एकदा धरा. चौदाचे तीन भाग केले की तीस वर्षांत पाचेक वेळा. म्हणजे म्हातारी नसती तर सहा वर्षांतून एकदा लोक उतारावर उभे असते.

मामा : खरं सांग. माझ्याकडे बघून वाढवला नाहीस ना आकडा?

भाची : नाही. साठ वर्षांतून एकदा आला असता तर तेच सांगितलं असतं, मग तुम्ही महिनाभर बोलला नसतात तरी चाललं असतं.

मामा : महिनाभर नाही. चार दिवस.

मामी : साहेब काय म्हणाले ते सांग आधी!

भाची : आधी म्हणाले, तीस वर्षांत न घडलेली गोष्ट तू मोजलीस कशी? मी रेघांचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, उतारावर भरलेल्या ट्रकचा ब्रेक लागतो का? म्हटलं, ते माझ्या गणितात नाही. म्हणाले, नाव राहू दे. आणि फेरी कोणत्या नावेची, तेही लिहीत चला.

मामी : झालं! माझं काम वाढलं.

भाची : मामा, काहीतरी बोला ना.

मामा : काय बोलू? तीस वर्षं मला वाटायचं, पाचव्या खांबापुढे माझ्या हातचं काहीच नाही. रेघ नाही, काही नाही.

भाची : तेच तर तुमच्या हातचं आहे.

मामी : अहो, गप्पा पुरे. रांग बघा, चौथ्याला लागली.

मामा : लागली? दे गं पोरी, तो डबा दे. आणि झाकण नीट लाव, सांडलं तर तुझी मामी आहेच.