बॉक्स हातानं बसला पाहिजे

माझं माहेर मिरजेचं. अण्णांचं गॅरेज तिथंच, ट्रक-टेम्पोचे गिअरबॉक्स उघडायचं काम, आणि आम्ही दोघी बहिणी, थोरलीला त्या तेलाच्या वासानं मळमळायचं आणि मला भूक लागायची, आता काय सांगू तुम्हाला. शाळेतून आले की दप्तर बाकावर आणि हातात सतरा-एकोणीसचा पाना. पुढं डिप्लोमा केला तोही मेकॅनिकलचाच, आई म्हणायची हिला करून कोण घेणार, तर अमितनं घेतलं करून, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, त्याला अजून पाना सरळ धरता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. सतरा वर्षांची होते, एका टेम्पोचा बॉक्स इंजिनला भिडवत होते, बोटभर फट राहिली. अण्णा जेवायला गेलेले. म्हणलं बोल्ट आवळले की ओढला जाईल, आवळले, आणि बॉक्सच्या केसिंगचा, बोल्ट जातो तो कानच तुटला. अण्णांनी टेम्पोवाल्याला सांगितलं माझ्या हातून झालं. मला एवढंच म्हणाले, बॉक्स हातानं बसला पाहिजे, बसत नाही म्हणजे आत काहीतरी अडलंय, बोल्टनं ओढायचा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते टोचतच राहिलं मला.

तर फेल्डहोवनला, डच लोकांच्या देशात, आले ती अमितच्या मागून, डिपेंडंट व्हिसावर. चार वर्षं घर, मुलगी, सायकल आणि डचचा क्लास. मुलीशी मी मराठीत बोलायचं आणि तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. मग शेजारच्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलं, म्हणाला बघू काही महिने.

तिथं विमकाका आले. सत्तरीचे, बेकरी होती त्यांची. त्यांना काका मीच म्हणायचे, इथं सगळे नावानंच हाक मारतात, पण माझी जीभ काही वळेना. त्यांची एक जुनी अमेरिकन पिकअप, निळी, दिसायला सामान वाहायची गाडी आणि इंजिन शर्यतीचं. पण क्लचची. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावा पाय लुळा पडला, लायसन्सवर आता फक्त ऑटोमॅटिक. त्यांचं म्हणणं, नव्या गाडीतला सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स हिला बसवा. त्यांची मुलगी म्हणत होती विकून टाका, तिनं बेल्जियमचं गिऱ्हाईकही आणलं होतं. काकांनी तिला शब्द दिला, दोन महिन्यांनी येणाऱ्या शुक्रवारपर्यंत माझ्या हातानं चालली नाही तर शनिवारी दहाला तो घेऊन जाईल.

दोन महिने खपले मी त्या गाडीवर. क्लचचं पेडल काढलं, बॉक्स लांब म्हणून मागचा शाफ्ट कापून आखूड करून आणला. नव्या बॉक्सला स्वतःचा कॉम्प्युटर लागतो, तो अमितनं आमच्या जेवायच्या टेबलावर लॅपटॉप जोडून सेट करून दिला, म्हणलं जन्मात एक नट आवळला नाहीस, एवढं तरी कर.

आणि शुक्रवारी दुपारी बॉक्स वर चढवला तर बोटभर फट. तेवढीच. काका खुर्चीवर, काठी मांडीवर. पाच वाजता गॅरेज बंद. माझा हात गेला होता बघा बोल्टवर, खोटं कशाला बोलू. मग काकांसमोर जाऊन उभी राहिले, म्हणलं उतरवायला लागेल, आज होत नाही. ते म्हणाले, मग संपलं. शांतपणे म्हणाले, मला रडू आलं. मालक म्हणाला, उद्या सातला उघडतो.

शनिवारी उतरवला. क्लचच्या जागी यात तेलाचा एक डबा असतो, भोपळ्याएवढा, तो बॉक्सच्या तोंडात फिरवत फिरवत तीन टप्प्यांनी आत उतरावा लागतो. दोनच टप्पे उतरला होता. ओढला असता तर आतला पंप फुटला असता. दोन्ही तळव्यांनी फिरवत राहिले आणि टक, हाताला कळलं. मग बॉक्स वर नेला तो डब्याला झाकण बसावं तसा बसला.

बाकीचं जोडून तेल भरेपर्यंत पावणेदहा, अमित लॅपटॉप घेऊन सायकलवर हजर, आणि बेल्जियमवालाही हजर, कॉफी पीत. काकांनी डावा पाय हातानं उचलून आत ठेवला. मी शेजारी. गाडी निघाली, गिअर आपोआप पडत गेले, काकांनी ती त्यांच्या जुन्या बेकरीवरून नेली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसत नव्हते. परत आल्यावर इंजिन बंद केलं नाही, काच खाली केली आणि त्या माणसाला म्हणाले, माफ करा, तुम्ही उगीच आलात. आणि पुन्हा निघाले. इथं ठरलेली वेळ आणि दिलेला शब्द कुणी मोडत नाही हो, दाताच्या डॉक्टरचीसुद्धा नाही, आणि काकांनी शब्द मोडला.

मालकानं सोमवारी पक्कं केलं मला. अण्णांना फोन केला, त्यांचे हात थरथरतात आता, गॅरेज बंद आहे. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ओढला नाहीस ना. म्हणलं नाही, अण्णा, त्या टेम्पोपासून कधीच नाही. तर म्हणाले, कुठला टेम्पो.

खरंच विसरलेत की मला मोकळं केलं, देव जाणे. मी परत विचारलं नाही. काका दर बुधवारी पाव घेऊन येतात, गाडी दारात चालूच ठेवतात. चालू दे त्यांची. सगळ्यांचंच चालू दे.