ताश्कंदहून नागपूर किती लांब

...छे, हॉटेलचं नाव आता नाही आठवत बुवा. अरे संग्राम, इंडियाला जाताना दोन दिवस ताश्कंदला थांबणार तुम्ही, त्यात हॉटेलचं काय घेऊन बसलास? मोनाला आणलं असतंस तर वीणाने साबुदाण्याची खिचडी केली असती, आता माझ्या हातचा चहा पी. हं. तर आधी चोर्सू बाजार. भला मोठा निळा घुमट, खाली मसाले, सुकामेवा, आणि ते गोल नान, मधोमध ठसा उमटवलेले. मग मेट्रो — स्टेशन कसलं, राजवाडा म्हण, झुंबरं काय, संगमरवर काय, एका स्टेशनात तर भिंतीवर अंतराळवीर. सहासष्ट साली भूकंप झाला, जुनं शहर बरंचसं आडवं झालं, मग हे रुंद रस्ते, कारंजी, सगळं नव्याने बसवलं. शास्त्रीजींचा पुतळा आहे, तिथे हात जोड. इथल्या मराठी मंडळाच्या प्रवास-कट्ट्यावर मी हे सांगितलं तेव्हा प्रतापकाकांच्या डोळ्यात पाणी आलं, हातातला बटाटेवडा तसाच राहिला. जेवायला प्लोव्ह, म्हणजे आपला पुलावच, पण कढई अशी की आत माणूस मांडी घालून बसेल. मोना व्हेज ना? मग तिने वरचं गाजर खायचं.

काय? कट्ट्यावर दाखवलेल्या एकाही फोटोत मी का नाही? अबे, कॅमेरा कोणाच्या हातात होता? वीणा का नाही, ईशान का नाही — ते दमले होते, हॉटेलवर होते. आता परत हॉटेलचं नाव नको विचारू. आणि इमिग्रेशनची लाइन? होती की. लाइन असतेच. मोठी म्हणजे... मध्यम. असा काय बघतोस? पासपोर्ट कशाला दाखवू तुला, मी काय एअरपोर्टवर उभा आहे?

बरं, दार लोटून घे. वीणा ईशानला स्विमिंगहून घेऊन येईल इतक्यात. नाही गेलो मी. ताश्कंदला नाही, त्याच्या आधीच्या इस्तंबूललाही नाही, आणि पोर्तुगालचं तू ऐकलंच नाहीस म्हणून बरं. पण एक सांगतो, मी गेलो होतो असं मी कधी म्हटलंच नाही. मी म्हणालो, ताश्कंदला गेल्यावर आधी चोर्सू बघावं. बघावं! आता त्यावर इथल्या फ्रिस्को गावातल्या शंभर मराठी माणसांनी टाळ्या वाजवून मला प्रवासी ठरवलं, तर मी मध्येच उठून पासपोर्ट फडकवू? जे खरंच जाऊन आले ते काय सांगतात — पार्किंग मिळालं नाही आणि चहा चांगला नव्हता. मी निदान अभ्यास करतो, नेटवरून फोटो जमवतो.

जाणार कसा मी? पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपला. इथे राहा, नोकरी कर, टॅक्स भर, काही अडचण नाही — पण एकदा बाहेर पडलं की परत आत यायला नवा शिक्का हवा, आणि तो अडकला तर नोकरी गेली, घर गेलं, ईशानची शाळा गेली. ग्रीन कार्डची लाइन तर तुला माहीतच आहे, तूही उभाच आहेस तिच्यात, माझ्या मागे, फक्त तुझा शिक्का अजून चालू आहे. तेव्हा मी फिरतो ते या सोफ्यावरून.

हे सगळं ठीक चाललं होतं रे. पण मंडळाने माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला, आणि वीणाने कौतुकाने फॅमिली ग्रुपवर पाठवला. नागपुरात आईने बघितला, सबंध, दोनदा. मग फोन आला. म्हणाली, छान बोललास. म्हणाली, तिथून दिल्ली किती लांब रे? मी आपला जोशात — अगं, तीन तास, हाकेच्या अंतरावर. हे वाक्य व्हिडिओतही आहे, त्यावर टाळी पण आहे. मग म्हणाली, तीन तासांवर आलास, आणि घरी नाही आलास.

तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. फोन केला की शेजारच्या सुलेखामावशी उचलतात, आई देवळात गेली म्हणतात. आई देवळात जाणारी बाई नाही रे, आणि वीणाला यातलं काही माहीत नाही. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

म्हणून तुला बोलावलं, ताश्कंदचं निमित्त. नागपूरला तुझी सासुरवाडी ना? ही बॅग नेशील? बदाम आहेत, गुडघ्याच्या गोळ्या आहेत, एक स्वेटर. वजन करून ठेवलंय, तुझ्या सामानाला भार नाही व्हायचा. वाटेत चोर्सूतला तो नान घे एक, तिच्यासाठी, माझ्याकडून म्हणून दे. आणि घुमटाचा फोटो काढ. तू फोटोत नको येऊस.

काय सांगशील तिला? सांग, यतीनदादाला फार कामं होती. कॉन्फरन्स होती. काय — खरं? खरं सांगू म्हणतोस, की त्याला निघताच येत नाही?

नको. ऐक, हसू नकोस. खरं कळलं तर ती रागावणार नाही. ती एवढंच म्हणेल, सोड ते सगळं आणि ये. आणि मी जाईन रे. तिने म्हणायचा अवकाश, मी जाईन. घर, नोकरी, ईशान, सगळं इथे टाकून.

तिला रागावलेलीच राहू दे. गाडी आली वाटतं वीणाची. बॅग उचल, मागच्या दाराने नीघ. चहा राहू दे.