दोन्ही संघटना खऱ्या

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी थट्टेत मला कुणीतरी मागे टाकलं. माझी नात वनिता डहाणूच्या खाडीत कयाक चालवते, शर्यतीची अरुंद होडी. राज्याच्या निवड चाचणीसाठी तिला एकदम दोन पत्रं आली. दोन्हींवर राज्य संघटनेचा शिक्का, तारीख एकच. पण एक बोलावणं पुण्याचं, दुसरं नागपूरचं.

मला वाटलं, हा वाणगावच्या साव्यांचा उद्योग. रिटायर रेल्वेवाला, माझ्या जुन्या थट्टांचा बदला घ्यायला कायम टपलेला. फोन लावला. "सावे, शिक्का झकास जमलाय हं."

"देवाशपथ, मी नाही रे," तो म्हणाला.

मग पत्रांवरचे नंबर फिरवले. पुण्याचे साहेब म्हणाले, "आम्हीच खरे, ते बोगस." नागपूरचेही अक्षरशः तेच म्हणाले.

"मग राष्ट्रीय स्पर्धेला कुणाची पोरं जाणार?" मी दोघांनाही विचारलं. उत्तरही एकच.

"संघटना फुटलीय, ते आता कोर्ट ठरवेल. पण तिकडे गेलात तर आमच्याकडून नाव कायमचं बाद."

वनिता शेजारीच उभी होती. "आजोबा, ज्युनिअरमध्ये माझं हे शेवटचं वर्ष. मी कुठे वल्हवू?"

अर्ध्या तालुक्याला टोप्या घातल्यात मी. पण पोरांच्या वयाशी खेळायची थट्टा माझ्या चौथी नापास डोक्याला नाही सुचत. त्याला शिकलेली माणसं लागतात.