खिडकीची जागा

…आणि कुणी भांडलंच नाही हो! तुम्हाला सांगतो, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. आधी वाटलं गॅस. मागे छातीत दुखलं तेव्हा तपासण्या झाल्या, रिपोर्ट बायको घेऊन आली, म्हणाली गॅस आहे, म्हटलं असेल. पण आमच्या चर्चची माणसं तुम्हाला ठाऊक नाहीत. रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, कोण कुठल्या बाकावर बसणार यावरून ही माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात.

माझा धंदा फोटोंना फ्रेमा करायचा, आणि हौस यात्रेची. जुन्या शहराची तीर्थयात्रा दर वेळी मीच ठरवतो. तटबंदीच्या आत शिरलं की वळणावळणावर चर्च, कुठे संताचं हाड काचेत, कुठे पायऱ्या चढून मारियामाता, आणि सुरुवात कुठून करायची यावरून दरवर्षी रणकंदन. मी म्हणणार खालून वर, बायका म्हणणार वरून खाली, कारण गुडघे! आणि सगळ्यांच्या वरताण आमच्या शाळेच्या निवृत्त बाई. त्यांना सगळे पाठीमागे तोफ म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

तर यंदा यात्रेच्या सभेत मी उभा राहिलो, म्हटलं, बस उजाडायच्या आत सुटेल. तोफ म्हणते कशी, “तुम्ही म्हणाल तसं, भाऊ.” भाऊ! मला! आजवर “ओ फ्रेमवाले”च्या पुढे ही बाई गेली नाही. मग मी मुद्दाम ठोकून दिलं, वाटेत जेवायला थांबायचं नाही. माना डोलावल्या हो सगळ्यांनी! कुणीतरी म्हणालं, तेवढाच उपास घडेल. आणि पुढची खिडकीची जागा, जिच्यापायी दोन घरांची सोयरीक मोडली, ती म्हणे माझी. का, तर हवा लागेल. कुणी म्हणून भांडलं नाही.

बरं, संत जोसेफचं देऊळ मी शेवटी ठेवलं होतं. मागच्या गल्लीत एवढंसं आहे ते, वेळ उरला तर जायचं. फादरनी हळूच ते पहिलं केलं. “आधी तिथे जाऊ, निवांत बसू.” आता संत जोसेफ कशासाठी? सुतारांसाठी, बरोबर. बापांसाठी, तेही बरोबर. आणि तिसरं? …चांगलं मरण यावं म्हणून. मी मनाला समजावलं, फादरना सुतारकामाची आवड असेल.

घरी आलो, ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. या टॉवेलवरून आमच्याकडे लग्नापासून महायुद्ध चाललंय. बायकोने मुकाट्याने उचलून वाळत घातला. तीही भांडली नाही… मी जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ दुकानात आला. इकडे बघ, तिकडे बघ, आणि मग, “दादा, तुझा एखादा बरा फोटो आहे का?” कशाला रे? “असाच.”

अहो, सगळा जन्म या धंद्यात गेला माझा! बारशाचा असेल तर लोक बाळाचा म्हणतात, लग्नाचा असेल तर जोडीचा म्हणतात. ‘एखादा बरा फोटो’ एकाच वेळी म्हणतात, आणि ते म्हणताना गिऱ्हाईक माझ्याकडे बघत नाही, काळ्या पट्टीच्या फ्रेमवरून बोट फिरवत राहतं. आणि याचं बोट बरोबर तिथेच होतं.

शटर ओढलं, घरी गेलो. बायकोला म्हटलं, गॅस नाही ना?

ती खाली बसली. “यात्रेहून आलो की ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, निभावलं तर निभावलं.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“तुम्ही सोडून सगळ्यांना.”

खोटं कशाला सांगू? भीती वाटली. आणि मग असा संताप आला! मरायचं मी, आणि खबर अख्ख्या पॅरिशला? मी ओरडलो, तीही ओरडली, रडता रडता तोच टॉवेल तिने माझ्या तोंडावर फेकला, आणि तुम्हाला सांगतो, किती दिवसांनी मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हटलं, मला कळलंय. मी अजून आहे, ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडून घ्या.

मग तोफ उठली. डोळे पुसले, पदर खोचला. “जेवायला थांबायचं नाही म्हणजे काय हो, फ्रेमवाले? आम्ही माणसं आहोत की मेणबत्त्या?”

आणि जी काय जुंपली म्हणता! गुडघे निघाले, पायऱ्या निघाल्या, उजाडायच्या आत बस काय कोंबड्यांसाठी सोडताय का असं माझाच भाऊ बोंबलला. मी संत जोसेफला परत शेवटी ढकललं, तर फादरही भांडले, निदान मधे तरी ठेवा म्हणून. काय ती सभा! छातीत एकदाही दुखलं नाही माझ्या. म्हटलं, संपलं, ही माणसं आता मला मरू देत नाहीत. आणि त्याच भरात हसत हसत बोलून गेलो, “आणि ती पुढची खिडकी मला नको बुवा. ज्याला हवी त्याने घ्यावी.”

…तोफ खाली बसली. भाऊ खिशात काहीतरी शोधायला लागला. फादरनी चष्मा काढून पुसायला घेतला.

कुणी भांडलं नाही हो.

बसतो आता तिथे. हवा लागेल.