घरी ठेवलेली मंजुळा

मंडळी, बसा सावरून! एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. देवापुढं उभं राहिलं की काय दाखवावं? आपलं चांगलं, की आपलं दुखरं? — ऐका तर!

खडकमाळ नावाचं गाव. तिथं अनसूयाबाई अंगणवाडी चालवायची. पोरांवर भारी जीव! आणि तपासणीची भारी धास्ती. साहेब येणार म्हटलं की भिंती पुसायच्या, पोरांना तेल-पावडर! — हसताय काय? मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा पलंगाखाली काय काय ढकलता, ठाऊक आहे मला!

एकदा निरोप आला — सरकारी दवाखान्याची गाडी येणार, पोरं तपासणार. बाईला वाटलं, आली तपासणी! आणि तिच्याकडं होती मंजुळा, चार वर्षांची. दहा पावलं पळाली की ओठ निळे पडायचे, मटकन खाली बसायची. बाई तिच्या आईला म्हणाली, "उद्या हिला घरीच ठेव गं. माझ्या अंगणवाडीला कुणी नाव ठेवायला नको."

गाडी आली. डॉक्टरीणबाईंनी एकेक पोर तपासलं. सगळी गुटगुटीत! बाई खूश. डॉक्टरीणबाई कानातली नळी काढत म्हणाल्या, "छान आहेत हो सगळी. पण ताई, आम्ही फिरतो ते आजारी लेकरं शोधायला. आता सहा महिन्यांनी येऊ."

सहा महिने! अनसूयाबाईला मंजुळा आठवली. डोळ्यांपुढं ते निळे ओठ. पण कसं सांगू, की मीच लपवली? — गाडी सुरू झाली, वळली... आणि मंडळी, पन्नाशीची बाई पदर खोचून गाडीमागं धावली! "थांबा हो! एक लेकरू राहिलंय! मीच घरी ठेवलंय!"

गाडी मागं फिरली. मंजुळाच्या छातीला नळी लागली. डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ ऐकतच राहिल्या. काळजाला छिद्र होतं! सरकारी योजनेतून शहरात ऑपरेशन झालं. "आणखी सहा महिने गेले असते, तर..." तिथले डॉक्टर म्हणाले.

आज मंजुळा पळते. अनसूयाबाई बघते, नि अजून डोळे पुसते.

मायबाप, देव असो की दवाखाना, दुखरं पुढं केल्याशिवाय त्यानं हात ठेवायचा कुठं? उद्या दहा वाजता तशीच गाडी आपल्या शाळेत येतेय. कुणाचा मुलगा झटके येऊन पडतो. कुणाची वयात आलेली मुलगी जिना चढताना धापा टाकते. लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल — म्हणून उद्या कुणाला मामाकडं पाठवायचं ठरलंय? हात वर करू नका. माझ्याकडं बघूही नका. फक्त पाठवू नका!

आता डोळे मिटा आणि मनात एक नाव घ्या. देवाचं नंतर. आधी त्या लेकराचं!