हातोड्याचा टवका

डोळ्यांच्या दवाखान्यात कारखानदार आईचे डोळे तपासून व्हायची वाट पाहत बसला होता. शेजारी एका डोळ्याला पट्टी बांधलेला सुतार आणि त्याची बायको बोलत होती.

“हातोड्याचाच टवका उडून डोळ्यात गेला ना? मग त्या कारखान्याला जाब विचारा.”

“वेडी का काय! ऐंशी वर्षांचा कारखाना आहे तो. माझाच घाव तिरका बसला असणार.”

“तीस वर्षं सरळ बसला, तो कालच बरा तिरका बसला!”

“अगं, बाबा सांगायचे. तिथला म्हातारा मालक प्रत्येक हातोडा स्वतः ऐरणीवर तीनदा आपटायचा. टिकला तरच त्यावर नाव ठोकायचा.”

“आहे का तो अजून?”

“तो कुठला! पण नातू असेल की. आजोबाची रीत सोडेल होय?”

कारखानदाराचे कान तापले. तेवढ्यात सुतार त्याच्याकडे वळला.

“काय साहेब, पटतंय ना? आपण काय करता?”

“हातोडे.” कारखानदार म्हणाला. “तो नातू मीच. वेळ जातो म्हणून आपटून बघणं मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं. तुमचा घाव सरळच होता.”

मग बायको हळूच म्हणाली,

“अहो, परवा भावजींनाही त्याच कारखान्याचा हातोडा घेऊन दिलात.”

“हो गं. आत्ता कामावर असेल तो.”

“मग फोन लावा आधी!”

सुताराला एका डोळ्याने नंबर दिसेना. त्याने फोन कारखानदारापुढे धरला.

“तुम्हीच लावा. आणि सांगाही तुम्हीच.”